अभिप्राय आणि त्याखालचं कारण

सरकारी दवाखान्यात नोकरी केलेल्या डॉक्टरला समन्स चुकत नाही. बदली होऊन दुसऱ्या जिल्ह्यात जा, निवृत्त व्हा, मागच्या गावचा कोर्ट हवालदार पत्ता काढत येतोच आणि हातात कागद ठेवतो. अमुक सत्र खटला, अमुक तारीख, सकाळी अकरा. घटना कित्येक वर्षांपूर्वीची असते. जखमीचा चेहरा आठवत नाही, जखमही आठवत नाही. त्या रात्री एम.एल.सी. (न्यायवैद्यक प्रकरणांच्या) रजिस्टरात आपल्याच हातानं जे लिहून ठेवलं, तेवढीच आपली आठवण.

माझी बहुतेक नोकरी मराठवाड्यातल्या ग्रामीण रुग्णालयांत झाली. बाळंतपणं, सर्पदंश, विष घेतलेले शेतकरी, शवविच्छेदन, सगळं एकाच इमारतीत आणि पुष्कळदा एकाच रात्री. त्याच्या जोडीला कोर्ट. न्यायवैद्यकशास्त्र आम्हाला कॉलेजात शिकवलेलं होतं, परीक्षेपुरतं पाठही होतं. पण पिंजऱ्यात उभं राहिल्यावर डॉक्टरकडून नेमकं काय हवं असतं आणि काय नको असतं, हे मी कोर्टातच शिकले. आता कायदा बदलला आहे आणि त्या बदलाचा आम्हा डॉक्टरांच्या लिहिण्याच्या सवयीशी थेट संबंध आहे, म्हणून हे लिहिते आहे.

मूळ नियम साधा आहे. साक्षीदारानं डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं सांगायचं. त्यावरून अनुमान काढायचं ते न्यायाधीशानं. ‘मला वाटतं यानंच केलं असेल’ हे वाक्य कोर्टात चालत नाही. पण काही प्रश्न असे असतात की न्यायाधीशाला त्यातलं कळण्याचा संभव नसतो. हा मृत्यू विषानं झाला का? ही सही त्याच माणसाची आहे का? अशा ठिकाणी त्या विषयातल्या जाणकाराचं मत ऐकावं, अशी मुभा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी घडवलेल्या 1872 च्या पुरावा अधिनियमात कलम 45 नं दिली. दीडशे वर्षं वकिलांच्या तोंडी तेच कलम होतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आणि ते कलम 39 झालं. परदेशी कायदा, विज्ञान, कला, हस्ताक्षर, बोटांचे ठसे या जुन्या यादीत आता ‘इतर कोणतंही क्षेत्र’ अशी भर पडली आहे. दरवाजा रुंद झाला. त्यामुळे आत येणाऱ्याची पारख अधिक काटेकोरपणे करावी लागेल, असं मला वाटतं.

डॉक्टरची अडचण अशी की पिंजऱ्यात तो एकाच वेळी दोन्ही भूमिकांत असतो. डोक्याच्या डाव्या बाजूला पाच सेंटिमीटर लांब, हाडापर्यंत खोल जखम होती, हे मी पाहिलेलं. तिथं मी रस्त्यावरून जाणाऱ्या कुठल्याही माणसासारखीच साधी साक्षीदार. ती जखम कठीण आणि बोथट वस्तूनं झाली, हे माझं मत. तिथं मी तज्ज्ञ. सरतपासणीत ही दोन्ही वाक्यं एका दमात लिहून घेतली जातात. उलटतपासणी घेणारा वकील हुशार असेल तर तो नेमका त्या दोहोंमधल्या सांध्यावर बोट ठेवतो.

बांधाच्या भांडणातला एक खटला सांगते. गट एकच, भाऊबंद दोन, मधला बांध कुणी कोरला यावरून पावसाच्या तोंडावर मारामारी झाली. जखमीला बैलगाडीतून आणि मग जीपमधून आणलं. पोलिसांची यादी, म्हणजे तपासणीसाठीचं पत्र, सोबत होती. फिर्यादीत लिहिलं होतं, ‘कुऱ्हाडीने डोक्यात मारले.’ जखम प्रथम पाहताना सरळ, चिरल्यासारखी दिसत होती. डोक्याची कातडी हाडावर ताणून बसलेली असते. त्यामुळे काठीनं किंवा दगडानं मारलं तरी ती फाटते अशी सरळ की धारदार शस्त्राची जखम वाटावी. फरक ओळखायचा तर केस बाजूला करून, रक्त पुसून, भिंगातून कडा पाहाव्या लागतात. धारदार शस्त्रानं केस आणि ऊती स्वच्छ कापल्या जातात. बोथट वस्तूनं केसांची मुळं चेंगरतात, कडा खरचटतात आणि जखमेच्या तळाशी ऊतींचे बारीक धागे या कडेपासून त्या कडेपर्यंत न तुटता राहतात. इथं ते धागे होते, कडाही चेंगरलेल्या होत्या. मी ते लिहिलं आणि खाली अभिप्राय दिला: कठीण व बोथट वस्तू. एक्स-रेत कवटीला बारीक भेग निघाली.

कोर्टात आरोपीच्या वकिलांनी सुरुवातीलाच विचारलं, “डॉक्टर मॅडम, कुऱ्हाड हे धारदार शस्त्र आहे हे खरं ना?”

“खरं आहे.”

“आणि तुमच्या मते ही जखम धारदार शस्त्राची नाही.”

“नाही.”

ते कोर्टाकडे वळून थांबले. सरकारी वकिलांचा चेहरा उतरला. साक्षीदार सांगतो कुऱ्हाड, डॉक्टर सांगते बोथट. म्हणजे साक्षीदार खोटा, असा तो डाव होता. फेरतपासणीत सरकारी वकिलांनी मुद्देमालाची कुऱ्हाड उघडायची परवानगी मागितली. लाखेचं सील फोडून, कागदी लेबल दोघांना दाखवून ती माझ्या हातात दिली गेली. पात्याच्या मागच्या बाजूला जाड लोखंडी तुंबा होता. अशा तुंब्यानं ही जखम होऊ शकते का, असं विचारलं. होऊ शकते, मी सांगितलं. मग पुढचा प्रश्न आला, “याच कुऱ्हाडीने झाली का?”

सरकारी वकिलांना ‘होय’ हवं होतं, आणि त्या क्षणी ते सोपंही होतं. पण मला ते ठाऊक नव्हतं आणि ठाऊक होणं शक्यही नव्हतं. अशा वजनाची, अशा पृष्ठभागाची वस्तू, एवढंच जखम सांगते. गावात अशा कुऱ्हाडी घरोघरी असतात. कुऱ्हाड तीच की दुसरी हे रक्ताच्या तपासणीनं, पंचनाम्यानं आणि पाहणाऱ्यांच्या साक्षीनं ठरायचं. मी तसंच सांगितलं आणि ते तसंच लिहिलं गेलं.

पुढच्या उलटतपासणीत तो प्रश्न आला जो प्रत्येक डॉक्टरनं ऐकलेला आहे. “ही जखम दगडावर पडल्याने होऊ शकते, हे खरं ना?”

या प्रश्नाला डॉक्टर मंडळी घाबरतात. ‘होऊ शकते’ म्हटलं की आरोपी सुटणार आणि गाव आपल्याला दोष देणार, असं वाटतं. म्हणून काही जण ठासून ‘नाही’ म्हणतात. ते शास्त्राला धरून नसतं. माणूस दगडावर पडून डोकं फुटू शकतं, ते कुणाला नाकारता येईल? मी सांगितलं की होऊ शकते, परंतु या जखमेबाबत तसा संभव कमी आहे. का, तेही सांगितलं. जखम माथ्याजवळ होती. सपाट जमिनीवर पडणाऱ्याला सहसा कपाळ, भुवई, गाल, डोक्याची मागची फुगीर बाजू इथं लागतं. शिवाय पडणारा माणूस हात पुढे करतो. याचे तळहात, कोपर, गुडघे यांवर खरचटल्याची एकही खूण नव्हती आणि ती नसल्याची नोंद मी त्याच रात्री केली होती. त्या नोंदीवर वकिलांनी पुढे काही विचारलं नाही. “तुम्ही पोलिसांच्या सांगण्यावरून दाखला दिला” ही सूचना केली. “हे म्हणणे खरे नाही,” असं माझं उत्तर लिहून घेतलं गेलं आणि साक्ष संपली.

नंतर मी निकाल मिळवून वाचला. न्यायाधीशांनी सर्वोच्च न्यायालयाच्या 1983 च्या सोलंकी चिमणभाई उकाभाई विरुद्ध गुजरात राज्य या निकालाचा आधार घेतला होता. वैद्यकीय पुरावा हा मुख्यतः पुष्टी देणारा असतो. सांगितलेल्या पद्धतीनं जखम होण्याची शक्यताच तो पूर्णपणे पुसून टाकत असेल, तरच डोळ्यांनी पाहणाऱ्याची साक्ष बाजूला सारता येते, असं त्यात म्हटलं आहे. माझ्या मतानं कुऱ्हाडीची शक्यता पुसली गेली नव्हती. साक्षीदारानं पातं की तुंबा हे सांगितलं नव्हतं, कारण ते त्याला कुणी विचारलंच नव्हतं. शिक्षा झाली. निकालात माझ्या अभिप्रायाच्या ओळीला फारशी जागा नव्हती. चेंगरलेल्या कडा, न तुटलेले धागे आणि कोऱ्या तळहातांची नोंद यांना मात्र एक आख्खा परिच्छेद होता.

त्याच सुमारास मी 1999 चा हिमाचल प्रदेश विरुद्ध जयलाल हा निकाल वाचला. तो आहे सफरचंदांच्या बागांसंबंधी, डॉक्टरांचा त्यात संबंध नाही. पण त्यातलं म्हणणं मी पुढे प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगत आले. तज्ज्ञ हा घटनेचा साक्षीदार नव्हे. न्यायाधीशाला स्वतःचं मत बनवता यावं म्हणून शास्त्रीय निकष त्याच्या हाती देणं हे त्याचं काम. म्हणजे आपण निकाल द्यायला जात नाही. आपण मोजपट्टी घेऊन जातो आणि ती कशी वाचायची ते दाखवून खाली उतरतो.

मोदींच्या पुस्तकाबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. जयसिंग प्रभुदास मोदी यांचा न्यायवैद्यकावरचा ग्रंथ 1920 साली प्रथम निघाला आणि आजही फौजदारी वकिलाच्या कपाटात तो असतोच. “मोदी हे प्रमाणभूत ग्रंथकार आहेत हे तुम्हाला मान्य आहे?” असं विचारून, आपण ‘हो’ म्हटलं की खूण घातलेलं पान उघडतात. मुक्या माराचा रंग पहिल्या दिवशी असा, चौथ्या दिवशी असा, आठवड्यानं असा. मग विचारतात, तुमच्या नोंदीत रंग हिरवट लिहिलाय, म्हणजे मार फिर्यादीच्या तारखेआधीचा झाला की नाही? पुस्तकातला तो क्रम सर्वसाधारण असतो. माणसाचं वय, कातडीचा रंग, मार किती खोल, शरीराचा कुठला भाग, यांवर तो मागेपुढे होतो. सावळ्या कातडीवर तर हिरवट आणि तपकिरी यांतला फरक दिव्याच्या उजेडात सांगणंही अवघड. हे सगळं तिथल्या तिथं सांगता येतं, मात्र त्यासाठी ते पान साक्षीदारापुढे ठेवलं गेलं पाहिजे. 1957 मध्ये भगवान दास खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हेच धरलं होतं. पुस्तकातलं मत डॉक्टरविरुद्ध वापरायचं तर ते आधी त्या डॉक्टरला दाखवून त्याचं म्हणणं घेतलं पाहिजे. आणि डॉक्टरलाही पिंजऱ्यात ग्रंथ चाळायची मुभा कायद्यानं दिलेली आहे. पुष्कळ तरुण डॉक्टरांना हे माहीतच नसतं. वकिलानं वाचलेली अर्धी ओळ ऐकून ते मान हलवतात. पुस्तक मागून घ्यावं, आधीचं आणि पुढचं वाचावं, मग उत्तर द्यावं. कुठलंही कोर्ट नाही म्हणत नाही.

मृत्यूच्या वेळेचंही असंच. विहिरीतून काढलेल्या प्रेताबद्दल किंवा उन्हाळ्यात शेतात सापडलेल्या देहाबद्दल तपास अधिकाऱ्याला एक ठराविक तास हवा असतो. शरीर तास सांगत नाही. ताठरता, उष्णता, पोटातलं अन्न यांवरून एक पट्टा सांगता येतो आणि वैशाखातल्या मराठवाड्यात तो पट्टाही सैल होतो. वयाच्या दाखल्यात तर सर्वोच्च न्यायालयानं 1982 च्या जयामाला निकालातच म्हटलं आहे की हाडांच्या एक्स-रेवरून ठरवलेलं वय दोन्हीकडे दोन वर्षांनी चुकू शकतं. सतराची मुलगी पंधराचीही असेल आणि एकोणिसाचीही. अशा वेळी एकच आकडा लिहून सही करणारा डॉक्टर कुणाच्या तरी आयुष्याबद्दल मनाचं बोलत असतो.

ज्याला शास्त्रच नाही असं मत कोर्टात आलं तर काय होतं, हे मी बलात्काराच्या खटल्यांत पाहिलं आहे. जुन्या तपासणी अहवालांत मुलीच्या ‘सवयी’बद्दल अभिप्राय द्यायचा रकाना असे आणि त्यासाठी दोन बोटांची चाचणी केली जाई. तो अभिप्राय उलटतपासणीत मोठ्यानं वाचला जाई. ती मुलगी, तिची आई, आरोपीचे नातेवाईक, सगळे तिथंच कुठंतरी असत. त्या चाचणीतून बलात्कार झाला की नाही याचं उत्तर कधीच मिळत नव्हतं. मिळत होती ती त्या मुलीची बदनामी, आणि खाली सही असे डॉक्टरची. 2013 मध्ये लिलू विरुद्ध हरियाणा राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ही चाचणी स्त्रीच्या खासगीपणाचा आणि प्रतिष्ठेचा भंग करते असं सांगितलं. ऑक्टोबर 2022 मध्ये झारखंडच्या एका अपिलात त्याच न्यायालयानं, अशी चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल, असं स्पष्ट बजावलं. याला इतकी वर्षं लागायला नको होती. तज्ज्ञाच्या नावाखाली काहीही चालतं अशी सवय लागली की त्याची किंमत सर्वांत दुबळा माणूस मोजतो.

आता साध्या माणसाच्या मताकडे येते. ते मला अनपेक्षितपणे एका दिवाणी दाव्यात समजलं.

दूध सोसायटीचे निवृत्त सचिव, गावात सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांनी मृत्युपत्रात जमिनीचा मोठा वाटा धाकट्या मुलाला दिला होता. थोरल्यानं दावा लावला की सही अण्णांची नाही, आणि असली तरी तेव्हा ते शुद्धीवर नव्हते. मृत्युपत्राच्या आदल्या दिवशी धाकटा अण्णांना माझ्या ओपीडीत घेऊन आला होता आणि मी प्रकृतीचा दाखला दिला होता, म्हणून मला बोलावलं. माझी साक्ष झाली. परतीची एसटी संध्याकाळी होती, म्हणून मी मागच्या बाकावर बसून राहिले.

माझ्यानंतर एक खासगी हस्ताक्षरतज्ज्ञ आले. मोठे केलेले फोटो, बाणांच्या खुणा, अक्षरांचे कोन. त्यांच्या मते सही अण्णांची नव्हती. लेखणी मध्येच थांबलेली, हात कापलेला, वळणं वेगळी. उलटतपासणीत निघालं की तुलनेसाठी त्यांना दिलेल्या सह्या अण्णा नोकरीत असतानाच्या, बऱ्याच जुन्या होत्या. म्हातारपणी हात कापतो हे त्यांनी मान्य केलं.

मग सोसायटीचा कारकून आला. वाढलेली दाढी, खांद्यावर पंचा, हातात चष्म्याचं घर. त्याला मृत्युपत्र दाखवलं.

“ही अण्णांचीच सही.”

थोरल्याच्या वकिलांनी विचारलं, “तुम्ही हस्ताक्षरतज्ज्ञ आहात का?”

“नाही.”

“हस्ताक्षराचा कुठला अभ्यास केला आहे?”

“नाही साहेब. अण्णा सचिव होते तोवर रोजचं रजिस्टर त्यांच्या सहीला मीच न्यायचो. निवृत्त झाल्यावर दर महिन्याला सभासदाचं बिल घ्यायला यायचे, तेव्हाही वहीवर सही करायचे. मरेपर्यंत करत होते.”

“मग ही सही रजिस्टरातल्यासारखी का दिसत नाही?”

“शेवटी शेवटी ते शेवटचं अक्षर सोडून द्यायचे, हात उचलून परत टेकवायचे आणि खाली रेघ मारायचे. रेघ कधी चुकली नाही. बिलाची वही आणली आहे, बघा.”

त्यानं खरंच पिशवीतून वही काढली. न्यायाधीशांनी ती मागून घेतली आणि बराच वेळ पाहिली.

कायद्यानं या कारकुनाला पूर्वीपासून जागा दिलेली आहे. जुनं कलम 47, आता 41. ज्यानं एखाद्याला लिहिताना पाहिलं आहे, ज्याला त्याची पत्रं येत होती किंवा रोजच्या कामात ज्याच्यापुढे त्याचे कागद येत होते, त्या माणसाचं मत ग्राह्य. जुन्या कलमाखालचं उदाहरणच व्यापाऱ्यांच्या पेढीचं होतं. लंडनचा व्यापारी, त्याची पत्रं घेणारा कलकत्त्याचा व्यापारी आणि ती पत्रं लावून ठेवणारा त्याचा कारकून. यांपैकी कुणीही लंडनकराला लिहिताना पाहिलेलं नाही, तरी त्या अक्षराबद्दल ते बोलू शकतात. पदवी लागत नाही, सहवास लागतो. असंच कलम 44, पूर्वीचं 50, नात्यांबद्दल आहे. अमकी ही अमक्याची बायको म्हणून वागवली जात होती की नाही, हे घरातल्या किंवा घराशी निकट असलेल्या माणसाच्या वागण्यातून कळतं. वारसाच्या दाव्यात गावातल्या म्हाताऱ्या बायकांच्या साक्षींना किंमत येते ती यामुळेच.

त्याच दिवशी थोरल्याच्या बाजूनं एक शेजारी उभा राहिला होता. “अण्णा शेवटी वेडे झाले होते,” एवढंच तो सांगत राहिला. न्यायाधीशांनी स्वतः विचारलं, “काय करायचे ते सांगा. काय पाहिलंत?” त्याला काही सांगता येईना. घरचा रस्ता चुकायचे का, नातवाला ओळखायचे का, पैसे मोजता यायचे का. प्रत्येक प्रश्नावर ‘तसं नाही, पण...’ एवढंच.

अण्णांचा दावा खालच्या कोर्टात धाकट्याच्या बाजूनं लागला. मृत्युपत्रावर सही केलेले दोन साक्षीदार भक्कम राहिले, हे मुख्य कारण. पण हस्ताक्षरतज्ज्ञापेक्षा कारकुनाचं मत न्यायाधीशांना अधिक भरवशाचं वाटलं, कारण त्याच्यापाशी अलीकडची वही होती. माझ्याबद्दल लिहिलं होतं की ‘शुद्धीवर आहेत’ हे छापील वाक्य पुरेसं नाही. मात्र केसपेपरवर रुग्णाला विचारलेले प्रश्न व त्याची उत्तरं नोंदवली आहेत, ती विचारात घेण्यासारखी आहेत. वार कोणता, मुलं किती, जमीन किती एकर, सोसायटीत हुद्दा काय होता. अण्णांनी चारही उत्तरं बरोबर दिली होती. शेजारी, कारकून, हस्ताक्षरतज्ज्ञ, डॉक्टर, चौघांनाही कोर्टानं एकाच तराजूत घातलं होतं: असं तुम्ही कशावरून म्हणता? साक्ष्य अधिनियमाचं कलम 45, पूर्वीचं 51, हेच सांगतं की ज्याचं मत ग्राह्य आहे, त्या मताची कारणंही ग्राह्य आहेत.

मला स्वतःला कारकुनाच्या जागी उभं राहण्याचे प्रसंग पुढे आले. शवविच्छेदन करणारे सहकारी वारले होते किंवा नोकरी सोडून परदेशी गेले होते. मग रुग्णालयानं मला पाठवायचं. “हे अक्षर आणि सही डॉक्टर अमुक यांची आहे, मी त्यांच्याबरोबर काम केलं आहे, म्हणून ओळखते.” कागद शाबीत झाला, निशाणी पडली. मग वकिलांचा प्रश्न येई, “ही जखम मृत्यूपूर्वीची असं त्यांनी का म्हटलं?” ते मला कुठून ठाऊक असणार? कडांना सूज होती की नाही, ऊतींत रक्त मुरलं होतं की नाही, नोंदीत काहीच नाही. फक्त ‘मृत्यूपूर्व’ असा एक शब्द. मत ज्याचं, त्यानंच ते सांगावं असा नियम आहे आणि तो माणूस तर नाही. खुनाचा खटला तिथं ढिला पडलेला मी पाहिला आहे. मेलेल्या बाईचा बाप बाहेर व्हरांड्यात बसलेला होता.

आता नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 336 नं ही वेळ नेहमीची केली आहे. अहवाल लिहिणारा डॉक्टर किंवा शास्त्रज्ञ बदलून गेला, निवृत्त झाला, वारला, सापडत नाही किंवा त्याला आणायला उशीर होईल, तर त्या पदावरच्या उत्तराधिकाऱ्याला कोर्ट बोलावील. अहवालावर वाद असेल तरच बोलावायचं आणि साक्ष दृक्‌श्राव्य माध्यमातूनही घेता येईल, अशीही सोय आहे. कलम 330 मध्येही, कुठल्याही पक्षाचा वाद नसेल तर तज्ज्ञाला कोर्टात बोलावू नये, असं आलं आहे. शेकडो किलोमीटर प्रवास करून, दिवसभर बसून, ‘आज आरोपी हजर नाहीत, पुढची तारीख’ हे ऐकून परतलेल्या कुणालाही या सोयींचं मोल कळेल. ओपीडीतल्या रुग्णांचेही तेवढे दिवस वाचतील. या बदलांचं मी स्वागतच करते.

पण उत्तराधिकारी म्हणजे कोण? तो रुग्ण ज्यानं कधी पाहिला नाही असा, कदाचित तेव्हा शाळेत असलेला डॉक्टर. त्याच्या हातात आपला कागद असेल, आपण नसू. कागदावर ‘कठीण व बोथट वस्तू’, ‘गंभीर दुखापत’, ‘मृत्यूपूर्व’, ‘बारा ते चोवीस तास’ एवढंच असेल तर तो ते नुसतं वाचून दाखवील. पूर्वी निदान आपल्याला बोलावून कारण विचारता येत होतं. यापुढे पुष्कळ खटल्यांत ते विचारायला समोर कुणी नसेल. गंभीर दुखापतीच्या व्याख्येतही नव्या भारतीय न्याय संहितेनं बदल केला आहे. तीव्र वेदना किंवा नित्याचे व्यवहार बंद राहण्याची मुदत वीस दिवसांवरून पंधरावर आली. रुग्ण कितव्या दिवशी कामावर जाऊ लागला हे केसपेपरवर नसेल, तर तो पंधरावा दिवस नंतर कुणी कितीही हुशार असला तरी शोधू शकणार नाही.

सरकारी वकिलांनाही एक सांगणं आहे. डॉक्टरला पुकारा होण्याआधी दहा मिनिटं भेटा. जखम कुठं होती, शस्त्राची कोणती बाजू लागली असेल, डॉक्टर काय सांगू शकतो आणि काय नाही, हे तुम्हाला व्हरांड्यात कळलं तर पिंजऱ्यात त्याला नको तो प्रश्न विचारला जाणार नाही.

आणि ग्रामीण रुग्णालयांत, प्राथमिक आरोग्य केंद्रांत रात्रपाळीला बसलेल्या माझ्या तरुण सहकाऱ्यांनो, दवाखाना भरलेला असतो, झोप झालेली नसते, हवालदार यादी घेऊन दारात उभा असतो, हे मला पुरतं ठाऊक आहे. तरीही इंज्युरी सर्टिफिकेटवर अभिप्राय लिहाल तेव्हा त्याच्याखाली दोन ओळी जास्त लिहा. काय दिसलं, काय दिसलं नाही आणि त्यावरून हे मत का बनलं. अक्षर वाचता येईल असं काढा, नाव आणि नोंदणी क्रमांक घाला, आणि जे सांगता येत नाही तिथं ‘सांगता येत नाही’ असंच लिहा.